तिला कारण तरी होतं

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं पत्र. लिहिणारी ३३ वर्षांची, दोन भावंडांतली थोरली. पुण्यात नऊ वर्षं आयटीत काम केलं, पाच महिन्यांपूर्वी राजीनामा दिला आणि घरी आली. कुणी काढलं नव्हतं, दुसरी ऑफर नव्हती, लग्न ठरलेलं नव्हतं, आजार नव्हता. “रविवारी संध्याकाळी पोटात गोळा यायचा आणि तो बुधवारपर्यंत जायचा नाही, एवढंच,” असं ती लिहिते. घरात कुणी रागावलं नाही. पण आईने भिशीत ‘ती हल्ली घरूनच काम करते’ असं सांगून टाकलं, आणि तेव्हापासून घरातही तेच नाटक चालू आहे.

दुपारच्या वेळी माय-लेकींनी ‘लव्ह नेक्स्ट डोअर’ ही कोरियन मालिका बघायला घेतली. आईला इंग्रजी सबटायटल्स झेपत नाहीत, म्हणून मुलगी ती मराठीत करून सांगायची. अमेरिकेतली बड्या पगाराची नोकरी सोडून आईवडिलांकडे परत आलेली नायिका बघून तिला कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं. मग मालिका निम्म्यावर आली आणि कळलं की नायिकेला कॅन्सर होऊन गेला होता. आई रडली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “बघ, तिला कारण तरी होतं.” मुलगी उठून आत गेली. उरलेले भाग तिने रात्री मोबाइलवर एकटीने संपवले, चिडत चिडत. आईचे ते बघायचेच राहिले. गेले तीन आठवडे दोघींत ‘जेवायला ये’ आणि ‘गॅस बंद केलास का’ यापलीकडे बोलणं नाही.

तिचं विचारणं असं: एका हलक्याफुलक्या मालिकेमुळे इतकं निराश होणं हा बालिशपणा आहे का? आणि आता आईशी काय बोलू? की सरळ पुण्याला जाऊन मिळेल ती नोकरी धरू?

(ज्यांना ही मालिका बघायची आहे त्यांनी पुढचं जरा जपून वाचा.)

प्रिय थोरली,

तू माझ्या भाचीएवढी, म्हणून अगं-तुगं करते.

बालिशपणाचं आधी मिटवून टाकू. माझ्या सासूबाई दूरदर्शनवरच्या एका सोशिक सुनेची दुःखं बघून रात्री आमच्यावर रुसायच्या, की बघा, ती कशी सहन करते! आम्ही दोघी जावा स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसायचो, पण लागायचं गं ते. पडद्यावरचं माणूस घरात येऊन बसलं की घरातल्याच कुणाची तरी जागा घेतं. तेव्हा तुझं रुसणं बालिश असेल तर आमच्या घरातल्या दोन पिढ्या बालिश होत्या.

आता मालिकेकडे येते. तुझी तक्रार मला मान्य आहे, आणि ती का मान्य आहे हे नीट सांगितल्याशिवाय पुढचं बोलता यायचं नाही.

‘लव्ह नेक्स्ट डोअर’ २०२४च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपली. शनिवारी एक, रविवारी एक, असे सोळा भाग. लेखिका शिन हा-उन, दिग्दर्शक यू जे-वॉन. याच जोडीने २०२१मध्ये ‘होमटाउन चा-चा-चा’ केली होती, ती समुद्रकाठच्या गावातली दातांची डॉक्टर आणि गावातला सगळी कामं करणारा तो तरुण. ती मालिका बघून जगभरचे लोक गार झाले होते, त्यामुळे नव्या मालिकेकडे सगळे ताट वाढून घेऊनच बसले. त्यात जंग हे-इन आणि जंग सो-मिन समोरासमोर. सुरुवातही झकास. बे सॉक-र्यू ही आईच्या अभिमानाचा झेंडा. अमेरिकेत नोकरी, वकील नवरा ठरलेला. आणि एके दिवशी नोकरी सोडून, लग्न मोडून, घरी काही न कळवता बॅगा घेऊन दारात. शेजारीच लहानपणचा मित्र चे सुंग-ह्यो, एकेकाळचा पोहणारा, आता नावाजलेला आर्किटेक्ट. दोघांच्या आया मैत्रिणी.

मालिकेचं कोरियन नाव इंग्रजी नावापेक्षा किती तरी चांगलं आहे: ‘ऑम्मा छिंगू आदुल’. शब्दशः, आईच्या मैत्रिणीचा मुलगा. तिकडे हा बोलीतला शब्दच झालाय, आखूड करून ‘ऑमछिना’ म्हणतात. जो परीक्षेत पहिला येतो, दिसायला देखणा, नोकरीला लागलेला, आईला उलट बोलत नाही, आणि ज्याचं नाव घेऊन तुमची आई रोज तुम्हाला टोचते, तो. मुलगी असेल तर त्याच शब्दाचं मुलीचं रूप आहे. आपल्याकडे याला एक शब्द नाही, पण माणूस प्रत्येक आळीत आहे. जोशीकाकूंचा मुलगा, पाटलांची धाकटी.

म्हणजे तुझ्या घरात काय झालं बघ. तुलनेच्या ओझ्याखालून बाहेर पडलेल्या मुलीची गोष्ट तू आईला दाखवायला घेतलीस, आणि आईच्या एका वाक्याने तीच मुलगी तुझ्यासाठी ‘आईच्या मैत्रिणीची मुलगी’ होऊन बसली. नोकरी सोडण्यातही ती तुझ्यापेक्षा सरस. मी तुझ्या जागी असते तर मीही उठून गेले असते.

कोरियन प्रेक्षक कथेत अडकल्यासारखं झालं की ‘रताळं’ म्हणतात. खरंच, ‘गोगुमा’ म्हणजे रताळं. पाण्याशिवाय उकडलेलं रताळं खाल्ल्यावर घशात जो तोटरा बसतो, तो. आषाढी एकादशीला ज्याने ते अनुभवलंय त्याला वेगळं समजवायला नको. आणि उगाच रडवणाऱ्या प्रसंगांना ते ‘शिन्पा’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानकडून आलेल्या रडक्या नाटकांचं हे नाव, ते आजही टोमणा म्हणून टिकलंय. म्हणजे तुझ्या तक्रारीला खुद्द मूळ गावातच दोन तयार शब्द आहेत. तू एकटी नाहीस.

याच दिग्दर्शकाच्या २०२३च्या मालिकेत, भाज्या-आमट्या विकणारी बाई आणि गणिताचा क्लासवाला मास्तर यांच्या गोड गोष्टीत मध्येच गोट्या मारून जीव घेणारा खुनी आणून ठेवला होता. ‘होमटाउन चा-चा-चा’तही नायकाचं जुनं दुःख उत्तरार्धात बाहेर काढलं होतं. आधी आठेक भाग हसवायचं, मग पेटीतून पुरलेलं काहीतरी वर काढायचं, ही तिथल्या सोळा भागांच्या मालिकांची जुनी खोड आहे. सोळा भाग, प्रत्येक तासाभराहून मोठा. नुसत्या नजरानजरीवर ते भरत नाहीत.

तरी कॅन्सरच का, आणि तोही जठराचाच का, याला तिथे एक खरं कारण आहे. जठराच्या कॅन्सरचं प्रमाण जगात जिथे सर्वांत जास्त, त्या देशांत कोरिया वरच्या रांगेत येतो. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी जठराची तपासणी हा तिथला सरकारी कार्यक्रमच आहे. आपल्याकडे मालिकेत कुणाला ‘शुगर’ निघाली तर आपण दचकत नाही, तसं काहीसं. तेव्हा लेखिकेने आकाशातून आजार आणला असं मी म्हणणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि मला वाटतं तुझीही तीच आहे, फक्त तू ती ‘मालिका भरकटली’ अशा शब्दांत लिहिलीस. पूर्वार्धात या मालिकेने एक धाडस केलं होतं. हुशार, कष्टाळू, थोरली मुलगी थांबते. का थांबली ते कुणाला सांगत नाही. स्वयंपाक शिकायचं म्हणते. तिथे थोरल्या लेकीच्या ओझ्यालाही शब्द आहे, ‘के-जांगन्यो’, के-पॉपमधला तो ‘के’ लावून. एवढं सगळं जुळवून आणल्यावर लेखिकेला धीर धरवला नाही. नुसतं थकणं प्रेक्षकांना पुरायचं नाही असं वाटून तिने नायिकेच्या हातात डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलं. सर्टिफिकेट मिळाल्यावर सगळ्यांनी माफ केलं. तुझ्याकडे ते सर्टिफिकेट नव्हतं, आणि तू मनातल्या मनात सॉक-र्यूच्या शेजारच्या बाकावर बसली होतीस. ती उठून सर्टिफिकेटवाल्यांच्या रांगेत गेली आणि तू बाकावर एकटी उरलीस.

ही फसवणूक मी मानते. शेवटच्या भागांतला पाक वगैरे मी सोडून देते. रोमँटिक कॉमेडीचा शेवट गोड असतो, त्याबद्दल दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

आता तुझ्या पत्रातल्या काही गोष्टी मला खटकल्या, त्या बोलते.

पहिली. तू लिहितेस, “कॅन्सर झाला म्हणून तिने नोकरी सोडली, असं निघालं.” पण तसं निघालं का गं? नीट आठव. आजार तीन वर्षं जुना होता. शस्त्रक्रिया झाली होती, शरीर बरं झालं होतं. आणि बरं झाल्यानंतर ती नैराश्यात गेली. होणाऱ्या नवऱ्याला पुढचं आयुष्य सुरू करायची घाई, आणि हिच्यातलं काहीतरी संपलेलं. त्यातून लग्न मोडलं. म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर ‘ठीक’ असं लिहिल्यानंतरची ती मुलगी आहे, आणि कोसळली ती तेव्हा. हे मालिकेने घाईत सांगितलं, व्हायोलिनच्या आवाजात बुडवलं, मान्य. पण सांगितलंय. तू ते ऐकलं नाहीस, कारण तोवर तुझ्या कानात आईचं वाक्य वाजत होतं.

दुसरी. तुझ्या पत्रात एक ओळ तू जाता जाता लिहिलीस आणि पुढे गेलीस. मी मात्र तिथेच अडकून बसले. “आईला सबटायटल्स जमत नाहीत, मी मराठीत करून सांगायचे.”

कशी सांगायचीस? ‘ती म्हणतेय की तिला कॅन्सर झाला होता’ असं? की पहिल्या दोन भागांनंतर, जसं सगळेच करतात तसं, सरळ संवादच बोलायचीस? मी माझ्या आतेला एक इराणी सिनेमा असाच सांगितला होता. पंधराव्या मिनिटानंतर ‘तो म्हणतोय, ती म्हणतेय’ गळून पडतं. मग आपण ‘मी’ म्हणून बोलायला लागतो. तू तशीच बोलत असलीस तर तुझ्या आईने गेले आठ भाग सॉक-र्यूचा आवाज ऐकलेलाच नाही. तिने तुझा ऐकलाय. आणि त्या दुपारी, अंधार केलेल्या खोलीत, शेजारी बसलेल्या तिच्या थोरल्या लेकीच्या आवाजात तिला ऐकू आलं की मला कॅन्सर झाला होता आणि मी घरी कुणाला कळू दिलं नाही.

ही मुलगी पाच महिन्यांपूर्वी नोकरी सोडून आलीय. का, ते धड सांगत नाही. जेवण कमी झालंय (हे तूच लिहिलंयस, दुसऱ्या पानावर). त्या मालिकेतल्या आईला, ना मि-सुकला, लेकीचं दुखणं शेवटी कळलं. तुझी आई ते बघून रडली, मग डोळे पुसून म्हणाली, “बघ, तिला कारण तरी होतं.”

मला हे वाक्य टोमण्यासारखं ऐकू येत नाही. निदान नुसतं टोमण्यासारखं नाही. मला ते ‘आणि तुझं काय आहे, सांग ना एकदा’ असं ऐकू येतं. घाबरलेल्या बायका सरळ प्रश्न विचारत नाहीत. त्या वाकड्या वाटेने विचारतात आणि समोरच्याला लागतं.

मी तुझ्या घरात नव्हते. माझं चूक असू शकेल. तुझी आई खरोखर टोमणा मारत असेल, तरी त्यातही एक गोष्ट आहे. तिच्या पिढीत बाईला अंथरुणावर पडायची परवानगी कशाने मिळायची, याची यादी करून बघ. बाळंतपण, टायफॉइड, ऑपरेशन. माझी आई मला एकदा हसत म्हणाली होती की अपेंडिक्स काढलं तेव्हा आठ दिवस झोपले, आयुष्यातली तेवढीच सुट्टी. तुझ्या आईने तुझ्याकडे कारण मागितलं, कारण रजेचा अर्ज कारणाशिवाय मंजूर झालेला तिने कधी पाहिलेलाच नाही. स्वतःचाही नाही. तिने तो तसा कधी केलाही नसेल.

तिसरी. कारणाशिवाय थकता येत नाही, हे आईने म्हटल्यावर तू चिडलीस. पण तुझ्या पत्रात ‘मला काही झालं नव्हतं’, ‘तसं काही मोठं नव्हतं’, ‘एवढंच’ हे किती वेळा आलंय ते मी मोजलं. सात वेळा. म्हणजे सर्टिफिकेट मागणारी घरात एक नाही, दोघी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये बर्नआउटला आपल्या आजारांच्या वर्गीकरणात जागा दिली, पण ‘हा आजार नाही, कामातून येणारी अवस्था आहे’ असं बजावून. त्यांच्याकडूनही तुला आजाराचा कागद मिळायचा नाही. अवस्था खरी आहे, एवढं मात्र त्यांनी लिहून ठेवलंय.

मग करायचं काय?

आईशी बोलायचं, हे उघड आहे, पण ‘बोल’ असं सांगणं सोपं असतं. तुझ्यासारखी आणखी दोन पत्रं माझ्या टेबलावर आहेत, एक नाशिकचं आणि एक मस्कतहून, म्हणून जरा तपशिलात जाते.

पहिलं वाक्य हे असू दे: “आई, मला कुठलाही आजार नाही, मी तुझ्यापासून काही लपवलेलं नाही.” हे आधी. तुझं दुःख, तिचं चुकलेलं वाक्य, मालिका, सगळं नंतर. ती घाबरलेली असेल तर याच्याआधी तिला दुसरं काही ऐकू यायचं नाही. ती घाबरलेली नसेल तरी हे वाक्य वाया जात नाही.

मग ‘बर्नआउट’, ‘टॉक्सिक’, ‘मेंटल स्पेस’ हे शब्द बाजूला ठेव. तुझ्या आईला त्यांचा काही उपयोग नाही. तिला एक दिवस सांग. एक मंगळवार. किती वाजता उठायचीस, पहिला कॉल किती वाजता, डबा कधी उघडायचीस आणि कधी तसाच परत आणायचीस, रात्री परदेशातल्या लोकांची सकाळ झाली की काय व्हायचं, झोपताना घड्याळात किती वाजलेले असायचे. पस्तीस वर्षं घर चालवलेल्या बाईला तासांचा हिशेब कळतो. तो ऐकल्यावर ती बहुतेक स्वतःच म्हणेल, “अगं मग आधीच नाही का सोडायचीस?” नाही म्हणाली तरी निदान तुझी नोकरी तिला पहिल्यांदा दिसेल. आजवर तिला फक्त तुझा पगार दिसला होता आणि भिशीतला मान.

भिशीवरून आठवलं. ‘घरून काम करते’ ही थाप तिने तुझी लाज वाटून मारली असं तू धरून चाललीयस. असेलही थोडी लाज. पण बारा बायकांनी एकदम मान वळवून विचारल्यावर तोंडात द्यायला तिच्याकडे वाक्यच नव्हतं. ते तू दे. छोटं, खरं आणि पुढचा प्रश्न बंद करणारं. “नऊ वर्षं सलग केलं तिने, आता जरा थांबलीय. दिवाळीनंतर बघणार आहे.” पाठ करून घे तिच्याकडून, हसत हसत.

त्या वाक्यातली ‘दिवाळीनंतर’ मुद्दाम घातलीय. तारीख तू तुझी ठरव, पण ठरव. घरच्यांना तुझ्या थांबण्यापेक्षा ते किती दिवसांचं आहे हे माहीत नसण्याची भीती जास्त असते. तारखेबरोबर पैशाचंही सांग. शिल्लक किती, महिन्याचा खर्च किती, त्यात किती महिने निघतील, हे एका कागदावर लिही आणि बाबांनाही दाखव. पीएफला लगेच हात लावू नकोस. आणि एक गोष्ट नोकरी सोडणारे हमखास विसरतात: नोकरी सुटली की कंपनीचा आरोग्यविमा बहुधा त्याच्याबरोबर सुटतो. आईबाबांची नावं त्यातच असतील तर त्यांचाही. हे काम याच आठवड्यात कर. बाकी पत्र विसरलीस तरी चालेल.

डॉक्टरकडेही जा. आईला दाखवायला नको, तुझ्यासाठी. पाच महिने विश्रांती घेऊनही जेवण जात नाही, हे मला आवडलेलं नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ या साध्या तपासण्या तालुक्याला होतात. काही निघालं तर गोळी घे. काही निघालं नाही तर ‘म्हणजे मी नाटकं करतेय’ असा अर्थ काढू नकोस. झोप उडालेली असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर मनाच्या डॉक्टरशी बोल. गावात कुणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आता पुण्याला परत जायचं की नाही. जा ना, जायचं असेल तर. पण आत्ता तू जे म्हणतेयस ते जाणं मला आईच्या वाक्याला दिलेल्या उत्तरासारखं वाटतं. ‘घे, गेले, आता तरी झालं?’ अशी धरलेली नोकरी तुला रविवारचा गोळा परत देईल, आणि या वेळी तो आईच्या नावावर खपेल. दुसरा पर्याय, गावातच राहून हळूहळू काही अर्धवेळ काम. तिसरा, पुणेच पण वेगळी कंपनी, रात्रीचे कॉल नसलेली, पगार कमी. मला तिसऱ्यात जास्त जीव दिसतो, कारण तू कोडिंगबद्दल पत्रात एक शब्द वाईट लिहिलेला नाहीस. तुझा राग वेळापत्रकावर आहे. चौथा, सॉक-र्यूसारखं सगळं सोडून एकदम नवं काही. तिला स्वयंपाकाची हौस लहानपणापासून होती. शिवाय शेजारच्या घरी आर्किटेक्ट होता. तुझ्या शेजारी कोण आहे ते तू लिहिलेलं नाहीस.

आणि ज्या वाचकांना अशा मालिकांनी वारंवार तोंडघशी पाडलंय, त्यांच्यासाठी थोडं. मालिका अर्धवट सोडता येते. हे मला पन्नाशीत कळलं. ताटात वाढलेलं संपवावं हा नियम अन्नाचा आहे, ओटीटीचा नाही. निम्म्यावर आल्यावर स्वतःला विचारा, पुढे काय होईल ते बघायचंय, की सुरुवातीला जे वाटलं होतं ते परत मिळेल या आशेने बसलोय? दुसरं असेल तर पहिले चार भागच पुन्हा बघा, माझी शपथ. लेखक-दिग्दर्शकाचं आधीचं काम थोडं चाळून ठेवलं तर कुठल्या वळणावर रताळं येणार याचा वासही येतो. आणि नायिकेत स्वतःला बघत असाल तर तिच्या शेवटाला स्वतःचा निकाल समजू नका. तो शेवट लिहिणाऱ्या बाईला तुम्ही कोण हे ठाऊकच नाही. तिच्यापुढे रविवार रात्रीची वेळ होती, सोळा भाग होते आणि मध्ये मध्ये कॉफीच्या पेल्यावरचं नाव कॅमेऱ्याकडे वळवायचं होतं.

पत्र लांबलं. शेवटचं एक सांगते आणि थांबते.

तुझ्या आईने उरलेले भाग बघितलेले नाहीत. तुला सगळं माहीत आहे, तिला काहीच नाही. तिच्या लेखी ती मुलगी अजून त्या दुपारीच थांबलेली आहे, आजार सांगून झालेला, पुढचं माहीत नाही. सॉक-र्यू या नावाचा कोरियन भाषेत अर्थ डाळिंब होतो, हे तू तिला सांगितलंयस की नाही कोण जाणे. सांगितलं नसशील तर तिथूनच सुरू कर. दुपारी भांडी आवरली की म्हण, “आई, त्या डाळिंबाचं पुढे काय झालं ते बघायचं का?” ती आधी ‘मला काम आहे’ म्हणेल. चहा ठेव. भाग लाव. आणि सबटायटल्स सांगताना या वेळी ‘ती म्हणतेय’ असं म्हणायचं की ‘मी’, ते तिथे बसल्यावर तुझं तू ठरव.

तुझी,
सदरवाली मावशी